दीर्घ आजार, कंपनीचा मेडिक्लेम आणि नोकरी: राजीनामा द्यावा का?

मोगरी | ३ फेब्रुवारी २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझे यजमान चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. अकरा वर्षं तिथेच. किडनीचा त्रास जुना आहे, पण आता डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की वर्षभरात डायलिसिस लागेल आणि ट्रान्सप्लांटचा विचार आतापासूनच करा. वय ४१. मी एका खाजगी शाळेत शिकवते, तिथे विमा वगैरे काही नाही. म्हणजे घरातलं सगळं कव्हर त्यांच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीवर.

गेल्या आठवड्यात एचआरने बोलावून अगदी गोड शब्दांत सांगितलं की तब्येत महत्त्वाची, थोडा ब्रेक घ्या, राजीनामा दिलात तर नोटीस पीरियड माफ करू, तीन महिन्यांचा पगारही देऊ. बरे झालात की या परत. ह्यांना ते माणुसकीचं वाटलं. मला नाही वाटलं.

प्रश्न असे: (१) राजीनामा दिला तर विमा किती दिवस चालतो? (२) आजारपणामुळे कंपनी काढून टाकू शकते का? (३) दुसऱ्या एका कंपनीची ऑफर आहे. तिथे आजार सांगायचा की नाही?

---

तिरकस | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

"बरे झालात की या परत" हे लेखी द्या म्हणावं. लेटरहेडवर, शिक्क्यासह. बघा मग माणुसकी किती उरते ते.

---

जुना_एचआर | ४ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

मोगरीताई, मी निवृत्त एचआर आहे, टेबलाच्या पलीकडे बसून अशी बोलणी बरीच केलेली आहेत. त्यामुळे आतून काय चालतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, राजीनाम्यावर सही करू नका. बाकी सगळं नंतर.

ग्रुप मेडिक्लेम म्हणजे कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातला करार, तुम्ही त्यातले सभासद. बहुतेक पॉलिसींमध्ये शेवटच्या कामाच्या दिवशी नाव वगळलं जातं, आणि कर्मचाऱ्याबरोबर बायको, मुलं, आईवडील सगळेच बाहेर. "वर्षाचा प्रीमियम भरलाय तर वर्षभर चालेल" असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. उरलेल्या महिन्यांचा प्रीमियम कंपनीच्या खात्यात परत येतो.

आता कंपनीला घाई कसली? ग्रुप पॉलिसीचा प्रीमियम दरवर्षी नव्याने ठरतो आणि तो ठरताना गेल्या वर्षी किती क्लेम गेले ते बघतात. भरलेल्या प्रीमियमच्या मानाने क्लेम जास्त गेले की पुढच्या वर्षीचा आकडा फुगतो. दोन हजार माणसांच्या कंपनीत एका ट्रान्सप्लांटने काही बिघडत नाही, दीडशे माणसांच्या कंपनीत मात्र फायनान्सवाला एचआरच्या केबिनमध्ये येऊन बसतो. गोड शब्द बहुतेकदा तिथून निघतात. सगळ्याच कंपन्या अशा नसतात हेही खरं. आजारी माणसासाठी वर्षभर हलकं काम शोधून देणारे मालक मी पाहिलेत.

---

क्लेमवाला | ४ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

मी विमा ब्रोकरकडे कामाला आहे. जुना_एचआर यांच्याशी सहमत, थोडी भर घालतो.

ग्रुप पॉलिसीचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे साधारणपणे आधीचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर असतात, वेटिंग पीरियड (सुरुवातीचा काळ, ज्यात जुन्या आजाराचा क्लेम मिळत नाही) माफ असतो. वैयक्तिक पॉलिसी आज नव्याने घ्यायला गेलात तर किडनीचा आजार जाहीर केल्यावर बरेच जण प्रस्तावच नाकारतील. घेतलाच तर जुन्या आजारासाठी वेटिंग लागेल. एप्रिल २०२४ पासून नियामकाने ते जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणलंय, आधी चार होतं. पण डायलिसिस दाराशी असताना तीन वर्षं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून आज कंपनीच्या पॉलिसीचं पत्रक मागवा आणि या गोष्टी बघा: सम इन्शुअर्ड (विम्याची कमाल रक्कम) किती, रूम रेंटची मर्यादा आहे का (असेल आणि महागडी खोली घेतलीत तर नुसतं खोलीचं भाडं कापत नाहीत, डॉक्टरांच्या फीसकट बिलाचे बरेच भाग त्याच प्रमाणात कापतात), अवयवदात्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च धरलाय का, डायलिसिस डे-केअरमध्ये आहे का. डे-केअरमध्ये असेल तर २४ तास भरती राहायची अट नसते.

आणि एक, ज्याबद्दल एचआर स्वतःहून कधीच बोलत नाही: कॉर्पोरेट बफर. बऱ्याच ग्रुप पॉलिसींमध्ये गंभीर आजारांसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवलेली असते. एखाद्याचा सम इन्शुअर्ड संपला की एचआरच्या मंजुरीने त्यातून पैसे मिळतात. आहे का विचारा. ईमेलवर विचारा.

---

मोगरी | ४ फेब्रुवारी, दुपारी ४:२०

सगळ्यांचे आभार. पत्रक मागवलंय. @क्लेमवाला, एचआरला कोणाचा कुठला क्लेम आहे हे कळतं का? कारण ह्यांनी कोणालाच काही सांगितलं नव्हतं.

---

क्लेमवाला | ४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१०

कंपनीकडे क्लेमचा रिपोर्ट जातो. चांगल्या ठिकाणी तो एकत्रित असतो: किती क्लेम, कुठल्या आजारांचे, किती रकमेचे. पण काही ठिकाणी नावानिशी यादीच जाते. आणि क्लेमचे कागद एचआरच्या हातून पाठवायची पद्धत असेल तर प्रश्नच मिटला. शक्य तिथे टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) अ‍ॅपवरून किंवा हॉस्पिटलच्या डेस्कवरून थेट कॅशलेस करा. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची परवानगी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. प्रत्यक्षात काही ठिकाणी संध्याकाळ होते, पण डेस्कवर हा नियम बोलून दाखवला की फाईल हलते, असा अनुभव.

---

काळा_कोट | ४ फेब्रुवारी, रात्री ९:५०

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. वाचायला कडू लागेल.

खाजगी नोकरीत "आजारी माणसाला काढता येणार नाही" असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये कामगार कपातीची व्याख्या कलम २(ओओ) मध्ये आहे, आणि सततच्या आजारपणामुळे सेवा संपवली तर ती कपात धरली जात नाही असं तिथेच लिहिलंय. म्हणजे कपातीसाठी कलम २५एफ मध्ये दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची जी भरपाई आहे, ती या वाटेने टाळता येते.

पण घाबरू नका. "सततचं आजारपण" हे मालकाला दाखवावं लागतं. अधूनमधून रजा घेणारा, कामाला येणारा, काम नीट करणारा माणूस त्यात बसवणं अवघड असतं. म्हणूनच काढून टाकण्याऐवजी राजीनामा मागतात. काढलं तर त्यांना कारण द्यावं लागतं, ते कारण कोर्टात तपासलं जातं. राजीनामा दिला की तुम्ही स्वखुशीने गेलात, विषय संपला. दबाव टाकून राजीनामा घेतला हे नंतर सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि बंद केबिनमध्ये झालेल्या बोलण्याला साक्षीदार नसतो.

त्यामुळे त्या बैठकीनंतर यजमानांनी एचआरला साधा ईमेल पाठवावा. भांडणाचा सूर नको. "अमुक तारखेला आपण माझ्या तब्येतीबद्दल चौकशी केलीत आणि राजीनाम्याचा पर्याय सुचवलात, त्याबद्दल आभार. मी काम सुरू ठेवू इच्छितो. माझ्या डॉक्टरांच्या मते मी सध्याचं काम करू शकतो." सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र. त्याची एक प्रत स्वतःच्या खाजगी मेलवर ठेवा. कंपनीचा मेल ज्या दिवशी बंद होतो त्या दिवशी पुरावेही बंद होतात.

यजमान "कामगार" व्याख्येत येतात का, हेही बघावं लागेल. हुद्द्याचं नाव काय यावर ते ठरत नाही, काम काय करतात यावर ठरतं. "असिस्टंट मॅनेजर" लिहिलेला पण दिवसभर स्वतःच पार्ट मोजणारा माणूस कामगार ठरू शकतो.

---

तिरकस | ४ फेब्रुवारी, रात्री १०:०२

आमच्याकडे तर चहा आणणाऱ्यालाही "एक्झिक्युटिव्ह" लिहितात. आता कळलं का ते.

---

रानपाखरू | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, खाजगी नोकरीत आहे, म्हणून लिहिते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल, मानसिक आजार येतात. किडनी निकामी होणं, कॅन्सर, मधुमेह यांची नावं त्या यादीत नाहीत. तुमच्या बाबतीत हा कायदा थेट लागू पडणं कठीण, पण धागा वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते.

सरकारी आस्थापनेत कलम २० चं भक्कम संरक्षण आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं पद द्यायचं, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. खाजगीत हे कलम नाही. तिथे कलम २१ नुसार समान संधी धोरण करावं लागतं, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर ते सविस्तर असावं लागतं. मी माझ्या कंपनीचं धोरण शोधून काढलं (वेबसाइटच्या तळाशी, कोणी उघडू नये अशा बेताने ठेवलेलं) आणि त्यातलंच वाक्य उचलून आठवड्यातून काही दिवस घरून काम मागितलं. मिळालं. त्यांचीच भाषा त्यांना परत केली की नाही म्हणायला जड जातं.

सांगावं की नाही यावर माझं मत: सगळ्यांना सांगू नका, पण ज्याच्याकडून सवलत हवी आहे त्याला लेखी सांगा. कंपनीला माहीतच नसेल तर "तुम्ही भेदभाव केलात" हे म्हणता येत नाही.

---

जुना_एचआर | ५ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

@रानपाखरू, शेवटच्या मुद्द्याशी थोडा असहमत. सगळ्याच कंपन्यांमध्ये धोरण वाचणारं कोणी नसतं. लहान कंपनीत लेखी कळवलं की दुसऱ्या दिवशी तुमच्या कामात चुका सापडायला लागतात. "परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन" नावाचा कागद येतो. म्हणून कळवायच्या आधी मागच्या दोन-तीन वर्षांची अप्रेझलं, कौतुकाचे मेल, पगारवाढीची पत्रं गोळा करून ठेवा. काम चांगलं होतं आणि आजार कळवल्यावर अचानक बिघडलं, हे कागदावर दिसलं पाहिजे.

---

रानपाखरू | ५ फेब्रुवारी, सकाळी १०:५५

तो क्रम मान्य. आधी फाईल, मग पत्र.

---

भोसरीचा_बाळू | ५ फेब्रुवारी, दुपारी १:१५

मोठ्या पगाराच्या लोकांचं चाललंय, पण मी ईएसआयवाल्यांसाठी (कर्मचारी राज्य विमा योजना) लिहितो. माझ्या भावाला टीबी झाला होता तेव्हा सगळं पायी फिरून शिकलो.

पगार महिना २१ हजारांपर्यंत (दिव्यांगांना २५ हजार) असेल तर ईएसआय. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. आजारपणात पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. टीबी, कॅन्सर, किडनी निकामी होणं असे ३४ मोठे आजार आहेत, त्यांना ८० टक्के आणि दोन वर्षांपर्यंत वाढवता येतं. पण आधी दोन वर्षं सलग विमाधारक असावं लागतं.

आणि वकीलसाहेबांनी जे सांगितलं त्याच्या उलट इथे आहे. ईएसआय कायद्याचं कलम ७३. आजारपणाचा लाभ चालू असताना मालक कामावरून काढू शकत नाही, शिक्षा करू शकत नाही, आणि त्या काळात दिलेली नोटीस चालत नाही. आमच्या सुपरवायझरला हे माहीतच नव्हतं. ईएसआयच्या ब्रांच ऑफिसातल्या साहेबांनी एक फोन केला, भाऊ परत कामावर.

दवाखान्यात रांग असते, डॉक्टर बदलतात, औषध कधी संपलेलं असतं. सगळं खरं. तरी एवढं संरक्षण मेडिक्लेमवाल्या साहेबालाही नाही.

---

काळा_कोट | ५ फेब्रुवारी, दुपारी २:४०

बाळूभाऊ, अगदी बरोबर. आणि यातली गंमत बघा: पगार २१ हजारांच्या वर गेला की त्या सहामाहीच्या शेवटी (मार्च किंवा सप्टेंबर) माणूस ईएसआयमधून बाहेर पडतो. पाचशे रुपयांच्या वाढीने नोकरीचं संरक्षण जातं, आणि कंपनीने ग्रुप पॉलिसी काढलेली नसेल तर विमाही जातो. पेढे वाटण्याआधी हे विचारून घ्यावं.

एक वेगळा कायदाही नोंदवतो. एचआयव्ही असलेल्यांसाठी २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तो खाजगी मालकांनाही बांधतो. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९७ मध्येच सांगितलं होतं की जो माणूस काम करायला सक्षम आहे आणि इतरांना धोका नाही, त्याला नुसत्या एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही. कॅन्सर किंवा किडनीच्या रुग्णासाठी असा कायदा कधी होईल, विचारू नका.

---

मोगरी | ६ फेब्रुवारी, रात्री १२:१०

ह्यांना धागा वाचायला दिला. ईमेल पाठवला, वकीलसाहेबांच्या भाषेतच. पत्रक आलं: पाच लाखांचं कव्हर, दात्याचा खर्च धरलाय, डायलिसिस डे-केअरमध्ये आहे. बफरबद्दल विचारल्यावर एचआरने "तुम्हाला कोणी सांगितलं?" असं विचारलं.

तिसरा प्रश्न राहिलाच. नवी ऑफर. पगार थोडा जास्त आहे आणि दहा लाखांचं कव्हर आहे म्हणतात.

---

तिरकस | ६ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

"तुम्हाला कोणी सांगितलं?" = आहे.

---

क्लेमवाला | ६ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

नव्या नोकरीबद्दल. ऑफर लेटरवर "मेडिक्लेम १० लाख" एवढंच असतं. त्यांच्या पॉलिसीत आधीचे आजार पहिल्या दिवसापासून आहेत का, हे सही करण्याआधी लेखी विचारा. आजाराचं नाव घ्यायची गरज नाही, "आईवडिलांसकट सगळ्यांसाठी विचारतोय" म्हणा. जुन्या कंपनीचा शेवटचा दिवस आणि नव्या पॉलिसीत नाव चढण्याचा दिवस यात फट पडू देऊ नका. रुजू झाल्यावर नाव कळवायला नवी एचआर कधी कधी महिना लावते. डायलिसिसच्या रुग्णाला महिना परवडणारा नाही.

समजा पुढे कधी नोकरी सुटलीच, तर ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेट होण्याचा हक्क आहे. ग्रुपमध्ये काढलेल्या काळाचं श्रेय वेटिंगमध्ये मिळतं. प्रीमियम तुमच्या वयाचा आणि त्या पॉलिसीचा, ग्रुपच्या सवलती तिथे नाहीत. अर्ज नाव वगळलं जाण्याच्या आधी पोचला पाहिजे, शेवटच्या दिवशी धावपळ नको. आणि मोगरीताई, तुम्ही आणि मुलं धडधाकट आहात तर तुमची वेगळी वैयक्तिक पॉलिसी आजच काढा. ती कोणाच्या नोकरीवर टांगलेली नसेल.

---

काळा_कोट | ६ फेब्रुवारी, सकाळी ११:००

आणि रुजू होतानाच्या वैद्यकीय फॉर्मवर "कुठला आजार आहे का?" असा थेट प्रश्न असेल तर खोटं लिहू नका. न विचारलेलं न सांगणं वेगळं, विचारल्यावर खोटं सांगणं वेगळं. दुसऱ्यात पुढे काढून टाकायला आयतं कारण मिळतं. अकरा वर्षांची सेवा सोडून प्रोबेशनवर जाणं, तेही या वर्षी? मी अशील म्हणून आलेल्याला जाऊ देणार नाही.

---

नाना_चिंचवड | ६ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

सूनबाई, वकिलांचं ऐका. माझ्या धाकट्या भावाचं ट्रान्सप्लांट झालंय म्हणून सांगतो. सगळे ऑपरेशनच्या खर्चाचं बोलतात. खरी कसोटी नंतर. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या लागतात त्या जन्मभर, रोज. हॉस्पिटलातून घरी आल्यावर ठरावीक दिवसांपुढचा ओपीडीचा खर्च मेडिक्लेम सहसा देत नाही. तेव्हा दर महिन्याचा पगार हाच खरा विमा. म्हणून नोकरी टिकवायची.

शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, किडनी ट्रान्सप्लांटसाठी मर्यादा साडेचार लाख. आता सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे. "ते गरिबांचं" म्हणून सोडू नका, यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. पीएफमधूनही आजारपणासाठी उचल मिळते.

पोटावर करायच्या डायलिसिसबद्दल डॉक्टरांना विचारलंत का? ते घरी करता येतं. सगळ्यांना चालत नाही, पण चाललं तर आठवड्यातले दोन-तीन अर्धे दिवस वाचतात आणि रजा शिल्लक राहते.

---

जुना_एचआर | ६ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:००

नानांचा रजेचा मुद्दा फार कामाचा. केंद्रात जायचं असेल तर शिफ्ट बदलून मागा. बऱ्याच केंद्रांत पहाटेची किंवा संध्याकाळची पाळी असते. मालकाला "मला सवलत द्या" यापेक्षा "मंगळवारी आणि शुक्रवारी मी दोनला निघेन, शनिवारी भरून काढेन" असं ठरलेलं वेळापत्रक दिलं तर हो म्हणायला सोपं जातं.

---

मोगरी | २१ फेब्रुवारी, रात्री १०:२५

एचआरकडून दोन ओळींचं उत्तर आलं: "आपल्या तब्येतीसाठी शुभेच्छा. नोंद घेतली आहे." राजीनाम्याचा विषय पुन्हा निघालेला नाही. नवी ऑफर नाकारली. ह्यांना जरा वाईट वाटलं. तपासण्यांत मीच दाता म्हणून जुळतेय असं दिसतंय, पुढच्या तपासण्या चालू आहेत. माझ्या शाळेत मला किती रजा मिळेल हा नवा प्रश्न आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढेन.

---

काळा_कोट | १४ डिसेंबर २०२५, सकाळी ११:१५

व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) बरेच जण याच धाग्याचा हवाला देतात म्हणून वर काढतोय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. वर आम्ही दिलेली औद्योगिक विवाद आणि ईएसआय कायद्यांची कलमं त्याआधीच्या जुन्या कायद्यांतली आहेत, नवे अर्ज आणि नोटिसा संहितेतल्या तरतुदी बघूनच करा. ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर असलेल्यांना आता पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते. आणि लक्षात ठेवा, मृत्यू किंवा दिव्यांगत्वामुळे नोकरी संपली तर पाच वर्षांची अट आधीपासूनच नव्हती. एचआरला हे बहुधा आठवत नाही.

---

क्लेमवाला | १४ डिसेंबर, दुपारी १:३०

२२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, ग्रुप पॉलिसीवर तो आहेच. ज्यांनी स्वतःची पॉलिसी पुढे ढकलली होती त्यांनी आता कारण शोधू नये.

---

रानपाखरू | १४ डिसेंबर, रात्री ८:५०

संहितांमध्ये चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आहे ना? आमच्याकडे त्याचं परिपत्रक फिरतंय. तपासणी कंपनीने ठरवलेल्या लॅबमध्ये. रिपोर्ट कोणाच्या मेलवर जाणार ते त्यात लिहिलेलं नाही.

---

तिरकस | १४ डिसेंबर, रात्री ८:५८

सीसीमध्ये फायनान्स.

---

जुना_एचआर | १५ डिसेंबर, सकाळी ९:२०

चेष्टा नको, हे आत्ताच विचारून घ्या. संमतीपत्रावर सही मागतील, त्यात "रिपोर्ट कंपनीस देण्यास हरकत नाही" अशी ओळ असते का ते बघा. असेल तर ती खोडून "काम करण्यास सक्षम / अक्षम एवढाच निष्कर्ष कंपनीस द्यावा" असं हाताने लिहा, सही करा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आमच्या वेळी मोजकेच लोक असं करायचे, आणि त्यांचे रिपोर्ट आम्ही खरंच उघडत नसू.